काळ्या पांचवीचं वाळवंट

ते दोघे एकमेकांशी पलटणीच्या हिंदुस्तानीत बोलत. आबा, माझे आजोबा, सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावकडचे. ताऊ मुनिरक्याचे जाट. आबांना हरियाणवी नीट कळायची नाही आणि ताऊंना मराठीचा गंध नव्हता. पण बराकीत रुजलेली ती बोली दोघांच्या जिभेवर इतकी पक्की होती, की गप्पांत कुणी शब्दासाठी अडल्याचं मला आठवत नाही. दिल्लीचं रामकृष्णपुरम तेव्हा नवं वसत होतं. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून आम्हाला तिथे क्वार्टर मिळालेलं. मुनिरका गाव आमच्या सेक्टरला लागूनच. ताऊ सायकलला कॅन लटकावून म्हशीचं दूध घालायला येत आणि रतीब आटोपला की आमच्या जिन्याच्या पायरीवर टेकत. दोघांची ओळख कशी झाली ते घरात नेहमी सांगितलं जाई. ताऊंची चाल बघून आबांनी विचारलं होतं, "कौनसी पलटन?" ताऊ म्हणाले, "राजपुताना रायफल, पहली." आबा म्हणाले, "मरहट्टा. काली पांचवीं." त्यावर ताऊंनी एकच नाव घेतलं, "हलफाया." त्या दिवशी पुढच्या घरांना दूध फार उशिरा पोचलं.

इजिप्त आणि लिबियाच्या सीमेवर समुद्राला जवळपास समांतर असा एक कडा धावतो. कड्याखाली किनाऱ्याची अरुंद पट्टी, कड्यावर अफाट सपाट वाळवंट. रणगाडे आणि गाड्या खालून वर न्यायला जागा फार थोड्या, त्यांतली एक हलफायाची खिंड. १५ जून १९४१ रोजी ती घ्यायला ११वी भारतीय ब्रिगेड पाठवली गेली. तिच्यात तीन पलटणी होत्या: स्कॉटलंडचे कॅमरन हायलँडर, सहाव्या राजपुताना रायफल्सची पहिली पलटण आणि पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण. ही मराठा पलटण म्हणजे काळी पांचवी. अठराव्या शतकात मुंबईत उभी राहिलेली, आजही '२ मराठा' म्हणून चालू असलेली. आबा तिच्यात शिपाई होते, ताऊ शेजारच्या पलटणीत.

त्यांच्या गोष्टी ऐकताना मला लहानपणी वाटायचं, की सैनिक हा लढाई शिकूनच जन्माला येतो. मोठेपणी पुस्तकं वाचली तेव्हा कळलं की या माणसांना त्या लढाईबद्दल जवळजवळ काहीच शिकवलेलं नव्हतं. आबा बेळगावला भरती झाले तेव्हा हिंदुस्तानच्या फौजेसाठी लढाई म्हणजे सरहद्द, वझिरीस्तान. डोंगरमाथा आधी ताब्यात घ्यायचा, मग खालून तांडा न्यायचा, दगड रचून सांगर उभारायचा आणि त्याच्या आडून रायफल चालवायची, सामान खेचरांवर. यात मराठे तरबेज होते. सह्याद्रीत वाढलेल्या पोराला चढणीचं भय नसतं. इरिट्रियात केरेनच्या कड्यांवर १९४१च्या मार्चमध्ये मराठ्यांनी इटालियनांना हिसका दाखवला, तोही डोंगरातच. सपाट वाळवंटात, जिथे दहा-दहा मैलांत माणसाच्या कमरेएवढाही उंचवटा नाही, तिथे कसं लढायचं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगणाऱ्यांनाही ते नुकतंच कळायला लागलं होतं.

त्यात फौज फुगत चालली होती. १९३९ साली हिंदी फौज सुमारे २ लाखांची, १९४५ला ती २५ लाखांवर गेली. एवढी वाढ हवेतून होत नाही. जुन्या पलटणीतले जाणते नाईक, हवालदार, सुभेदार उचलायचे, त्यांच्याभोवती नवी पलटण उभी करायची, आणि जुन्या पलटणीतल्या मोकळ्या जागी कोवळी पोरं भरायची. मग ज्याच्याकडून शिकायचं तो माणूसच शेजारी नसे. आबा म्हणत, "शिकवायला वस्ताद न्हाई, आन् कुस्ती थेट फडावर." ते तालमीतले होते, त्यांना तीच भाषा जवळची.

वाळवंटाने पहिला धडा दिला तो पाण्याचा. माणशी दिवसाला कागदावर एक गॅलन पाणी, म्हणजे साडेचार लिटर. पिणं, स्वयंपाक, तोंड धुणं आणि गाडीचा रेडिएटर सगळं त्यातच. प्रत्यक्षात पुष्कळदा त्याच्या निम्मंही हाती पडत नसे. जे मिळे ते मचूळ, त्याचा चहासुद्धा खारट लागायचा. पेट्रोल आणि पाणी ज्या पातळ पत्र्याच्या चौकोनी डब्यांतून यायचं ते डबे वाटेतच गळत. जर्मनांचे डबे जाड, मजबूत, उचलायला तीन मुठी असलेले; ते हाती लागले की शिपाई सोन्यासारखे जपत. आज आपण ज्याला जेरीकॅन म्हणतो तो हाच. नवखी पोरं सकाळीच बाटली रिकामी करायची आणि दुपारी जीभ टाळूला चिकटायची. ताऊ म्हणत, तहान लागल्यावर प्यायचं नाही, संध्याकाळी प्यायचं, कारण दुपारी प्यालेलं सगळं घामात जातं. आजचे डॉक्टर हे मान्य करणार नाहीत. पण त्या दोघांनी आयुष्यभर तो नियम पाळला. मे महिन्यात राजस्थानकडून आंधी यायची, आकाश पिवळं व्हायचं, आमच्या खिडक्यांच्या फटींतून घरभर धूळ साचायची. तेव्हाही आबा ओला रुमाल नाकावर धरून बसत आणि माठाकडे जात नसत. आई पाणी पुढे करायची. ते म्हणायचे, "दमानं. खमसीन हाय, दोन घंट्यात निवल." खमसीन म्हणजे इजिप्तकडचा तो तापलेला वाळूचा वारा.

दुसरा धडा जमिनीचा. आपल्या मनातलं वाळवंट म्हणजे मऊ वाळूच्या टेकड्या. त्या भागात तसं नाही. वर चार बोटं वाळू, खाली चुनखडीचा कातळ. खंदक खणायचा म्हटलं तर पहारीने ठिणग्या निघत. ढोपरभर खोल खड्डा खणायला रात्र जायची. मग सरहद्दीवरची सवय कामी यायची, दगड गोळा करून सांगर. पण सांगर दुरूनही दिसतो. पठाणाच्या गोळीला तो पुरत होता. तोफेचा गोळा पडला की रचलेल्या दगडांचेच तुकडे उडून माणसं जखमी व्हायची. डोंगरात जी युक्ती जीव वाचवायची, ती इथे जीव घेत होती. हे समजायला किती जण लागले असतील, याचा विचार मी अनेकदा करते.

तिसरा धडा हलफायात मिळाला, आणि त्याबद्दल बोलताना दोघेही आवाज चढवत.

कॅमरन आणि रणगाड्यांचं एक स्क्वाड्रन कड्यावरून आलं. राजपुताना आणि मराठा कड्याखालून, समुद्राच्या बाजूने. मराठ्यांसोबत आणि राजपुतान्यांसोबत मटिल्डा रणगाडे होते, सहा. मटिल्डा म्हणजे त्या काळचा चिलखती हत्ती: इटालियनांच्या तोफा त्याला काही करू शकल्या नव्हत्या. मटिल्डा पुढे आहे म्हटलं की पायदळाला धीर यायचा. आबा सांगत, "टँक म्होरं हाईत म्हनून आमी ताठ मानंनं चाललो व्हतो." सहापैकी चार रणगाडे सुरुंगांवर गेले. कड्यावरची स्थिती त्याहून वाईट. खिंड राखणारा जर्मन अधिकारी विल्हेल्म बाख हा मूळचा धर्मोपदेशक. त्याने ८८ मिलिमीटरच्या विमानवेधी तोफा दगडामातीत इतक्या खोल पुरून ठेवल्या होत्या, की नळ्या जेमतेम जमिनीच्या वर दिसत. आकाशातलं विमान पाडणारी ती तोफ त्याने आडवी करून रणगाड्यांवर रोखली. कड्यावरचे मटिल्डा एकामागून एक जळाले. ब्रिटिश तोफेच्या टप्प्यात यायच्या कितीतरी आधीच ते फुटत होते.

पायदळाने त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पुन्हा हल्ला चढवला. खिंड मिळाली नाही. १७ जूनला माघार झाली. शिपायांनी त्या खिंडीला नरकाच्या आगीचं नाव दिलं. आबांच्या मते त्या दिवशी त्यांना सगळ्यात मोठी गोष्ट कळली ती ही, की थांबलेल्या रणगाड्याच्या आडोशाला कधीही जाऊ नये. धोका दिसला की माणूस आपोआप मोठ्या वस्तूमागे लपतो. शत्रूच्या तोफखान्याला मात्र ती मोठी वस्तूच नेम धरायला हवी असते. हे सांगताना त्यांनी एका नावाचा उल्लेख केला, गावाकडचा भरतीचा जोडीदार. ते नाव मी इथे लिहीत नाही, त्यांच्या घरचे आजही आहेत. तो जोडीदार रणगाड्यामागेच गेला होता.

या पराभवाची एक किंमत सेनापतींनीही मोजली, आणि तिची खूण दिल्लीत आहे. हलफायाची लढाई ज्या मोहिमेचा भाग होती ती फसल्यावर चर्चिलने मध्यपूर्वेतले सरसेनापती वेव्हेल यांना तिथून हलवलं. त्यांच्या जागी हिंदुस्तानचे सरसेनापती ऑकिनलेक गेले आणि वेव्हेल ऑकिनलेकच्या जागी दिल्लीत आले. सरसेनापतींचा दिल्लीतला बंगला म्हणजे फ्लॅगस्टाफ हाउस, पुढे पंडित नेहरूंचं निवासस्थान झालेलं तीन मूर्ती भवन. बंगल्यासमोरच्या चौकातले तीन भालाईत म्हैसूर, जोधपूर आणि हैदराबादच्या संस्थानी रिसाल्यांचे. पहिल्या महायुद्धात सिनाई आणि पॅलेस्टाइनच्या वाळवंटात लढलेल्यांचं ते स्मारक आहे. शाळेच्या बसमधून मी त्या चौकावरून कित्येकदा गेले. चुकलेल्या सेनापतीला बदलून नवा हुद्दा मिळतो, तो व्हाइसरॉयही होतो, आणि वेव्हेल १९४३ला झाले. वेव्हेल प्रामाणिक, वाचनवेडे सैनिक होते, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण हलफायाच्या उतरणीवर राहिलेल्या शिपायाची बदली कुठेच होत नाही. हा फरक मला विसरता येत नाही.

वाळवंटात शिकून पुढे दिल्लीत मोठ्या पदावर बसलेल्या हिंदी अधिकाऱ्यांचीही एक रांग आहे. हलफायाच्या दोन महिने आधी, ८ एप्रिल १९४१ रोजी, मेकिली नावाच्या एकाकी गढीत तिसरी भारतीय मोटर ब्रिगेड जर्मन सेनापती रोमेलच्या वेढ्यात सापडली. नावात मोटर, पण मूळचे हे घोड्यावरचे रिसाले. घोडे गेले, ट्रक आले; चिलखती गाड्या नाहीत, स्वतःच्या रणगाडाविरोधी तोफा नाहीत. त्या वेढ्यातून सेकंड रॉयल लान्सर्सचे मेजर राजेंद्रसिंहजी आपलं स्क्वाड्रन घेऊन निसटले, वाटेत शत्रूचे कैदीही पकडून आणले, आणि त्यांना डी.एस.ओ. हे शौर्यपदक मिळालं. १९५५ साली ते स्वतंत्र भारताचे पहिले 'चीफ ऑफ द आर्मी स्टाफ' झाले. मे १९४२मध्ये हीच ब्रिगेड बीर हकीमच्या शेजारी पुन्हा चिरडली गेली, तेव्हा तोफखान्यातले कुमारमंगलम डी.एस.ओ. मिळवून कैद झाले. तेही पुढे साउथ ब्लॉकमध्ये लष्करप्रमुख म्हणून बसले, १९६६ ते १९६९. म्हणजे आबा आणि ताऊ पायरीवर बसून मेकिलीचं बोलत होते, तेव्हा त्यांच्यापासून काही मैलांवर रायसीनाच्या टेकडीवर त्याच वाळवंटातला एक विद्यार्थी फौज चालवत होता. ताऊंना हे माहीत होतं. "म्हारा जनरल भी कैदी रह्या सै," असं ते अभिमानाने म्हणत. आबा त्यावर काही बोलत नसत.

का बोलत नसत, ते तोब्रुकपाशी येतं. पण आधी लिबियातलं बीर अल गुबी.

१९४१च्या डिसेंबरमध्ये काळी पांचवी तिथे पुन्हा पुढे होती. रात्रीचं मार्गक्रमण वाळवंटात दिशायंत्रावर चालायचं, दिवसा सूर्याच्या सावलीवर चालणारं एक वेगळं यंत्र असे. पण शिपायाला यंत्र मिळत नाही. मराठ्यांनी आपली सोय केली. थंडीत मध्यरात्री तिकांडं डोक्यावर येतं, मृगाचे ते तीन तारे बघून साताऱ्याचा शेतकरी मोटेला बैल जुंपायची वेळ ओळखत असे. उत्तर पाहायची तर म्हातारीची खाट, म्हणजे सप्तर्षी, आणि तिच्या पायथ्याचे तीन चोर. आबा सांगत, पोरं कुजबुजत एकमेकांना खाट दाखवायची आणि रांग सरळ राहायची. गावाकडून बरोबर आणलेली एवढी एकच विद्या त्या मुलखात आपल्या जागी बसली.

४ डिसेंबरला पहाट झाली आणि हल्ला सुरू झाला. समोर इटलीचे 'जोवानी फाशिस्ती', म्हणजे तरुण स्वयंसेवक, बहुतेक विशीच्या आगेमागे. त्यांची ही पहिलीच लढाई. मोठ्या इटालियन सैन्यांनी आधी वर्षभर जिथे तिथे हात वर केले होते, त्यामुळे ही पोरंही पळतील असा वरच्यांचा अंदाज. ती पळाली नाहीत. मराठे आणि कॅमरन दोघांनाही त्यांनी रोखलं, आणि ब्रिगेडचं फार नुकसान झालं. कोवळ्या माणसाला जागा नीट खणून दिली, हातात चालणारं हत्यार दिलं आणि शेजारी भरवशाचा सोबती दिला तर तो उभा राहतो, हे त्या दिवशी शत्रूच्या पोरांनी दाखवलं. आबांच्या तोंडून त्यांच्याबद्दल वाईट शब्द मी ऐकला नाही. "आमच्यागतच व्हती," एवढंच म्हणायचे.

आता तोब्रुक. लिबियाचं हे बंदर १९४१मध्ये आठ महिने वेढ्यात होतं आणि पडलं नव्हतं; ऑस्ट्रेलियन सैनिकांसोबत आपला १८वा रिसालाही तिथे उभा होता. त्यामुळे तोब्रुक म्हणजे अभेद्य, असं नाव झालेलं. जून १९४२मध्ये गझालाची लढाई हरून ब्रिटिशांचं आठवं सैन्य मागे सरकलं आणि तोब्रुक पुन्हा एकदा एकटं पडलं. दक्षिण आफ्रिकेचे जनरल क्लॉपर तिथले प्रमुख. पूर्व आणि आग्नेय बाजूच्या रेषेवर ११वी भारतीय ब्रिगेड: कॅमरन, मराठे, आणि राजपुतान्यांच्या जागी आलेले सातव्या गुरखा रायफल्सचे जवान. इथे ताऊंची आणि आबांची वाट वेगळी झाली.

२० जूनच्या पहाटे, साडेपाच वाजायच्या आतच, जर्मन विमानं आली. लाटांमागून लाटा, आणि सगळ्या एकाच जागी: काळ्या पांचवीच्या मोर्च्यांवर. मागोमाग तोफा, मागोमाग सुरुंग काढणारे सॅपर, आणि त्यांच्यामागे पंधरावी आणि एकविसावी पँझर डिव्हिजन. सकाळ संपायच्या आत रणगाडे खंदक ओलांडून आत होते. संध्याकाळी ते बंदरात पोचले. २१ जूनच्या सकाळी क्लॉपरनी शरणागती पत्करली. गुरखे त्या दिवशी संध्याकाळपर्यंत लढत राहिले, कॅमरन तर त्याच्याही दुसऱ्या दिवसापर्यंत. सुमारे ३३,००० माणसं कैद झाली. चर्चिल त्या वेळी वॉशिंग्टनमध्ये रूझवेल्टसमोर बसले होते, बातमी त्यांना तिथे कळली. रोमेल फील्ड मार्शल झाला.

युद्धाच्या पुस्तकांत या पहाटेबद्दल बहुधा एखादंच वाक्य असतं: जर्मनांनी मराठ्यांच्या जागेतून भगदाड पाडलं. वाक्य खरं आहे. पण त्याच्या आधीची वाक्यं सुटतात आणि वाचणाऱ्याच्या मनात राहतं ते हे, की मराठे फुटले. आबांनी हे वाक्य कुठे वाचलं असेल असं मला वाटत नाही; त्यांना इंग्रजी येत नव्हतं. पण कैदेत, जहाजावर, नंतर पलटणीत, माणसाला आपल्याबद्दल काय बोललं जातंय ते कळतंच. तोब्रुकचं नाव निघालं की ते उठून आत जात. ताऊ बसून राहत, थोड्या वेळाने सायकल घेऊन निघत.

वसंत विहारजवळ राव तुला राम मार्गावर युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनचं ग्रंथालय आहे. आबा गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी मी तिथे जाऊन बसले. भारत आणि पाकिस्तानने मिळून लिहून घेतलेला महायुद्धाचा अधिकृत इतिहास आहे, बिशेश्वर प्रसाद त्याचे मुख्य संपादक. उत्तर आफ्रिकेचा खंड पी. सी. भरुचांनी लिहिलेला, १९५६चा. तो आणि आणखी काही पुस्तकं चाळताना त्या पहाटेच्या आधीचं सगळं समोर आलं. तोब्रुकभोवती इटालियनांनी खणलेला रणगाडाविरोधी खंदक होता. तो बऱ्याच ठिकाणी वाळूने भरून आला होता आणि कुणी उपसला नव्हता. सुरुंगांचे पट्टे होते. त्यांतले पुष्कळ सुरुंग काढून गझालाच्या फळीसाठी नेले होते. तोब्रुक पुन्हा वेढ्यात लढवायचं की सोडायचं, याबद्दल वरच्यांचा निश्चय फेब्रुवारीपासून दोलायमान होता. रोमेलने मात्र आदल्या नोव्हेंबरसाठी आखलेला बेत तयार ठेवला होता. मराठ्यांच्या वाट्याला काही मैलांची रेषा होती. ८८ मिलिमीटरसारखी तोफ त्यांच्याकडे असण्याचा प्रश्नच नव्हता. पायदळाच्या हाती रणगाड्यासाठी म्हणून दिलेलं हत्यार म्हणजे बॉइज रायफल, लांब, जड, खांदा निखळवणारी. जर्मन रणगाड्याच्या पुढच्या चिलखतावर तिची गोळी आपटून पडे. आकाशात आपलं एकही विमान नव्हतं, कारण जवळचे विमानतळ आधीच गेले होते.

ही यादी मी रागाने लिहिते आहे, ते लपवत नाही. लष्करी पुस्तकांतून 'धडे' हा शब्द फार येतो. तोब्रुकचे धडे, गझालाचे धडे. धडा शिकायला माणूस जिवंत असावा लागतो, किंवा निदान कैदेबाहेर. काळी पांचवी एका सकाळीत संपली. तिने जे पाहिलं ते दुसऱ्यांच्या कामी आलं. रणगाडे फोडणारी सहा पौंडी तोफ पायदळाच्या हाती आली ती त्या उन्हाळ्यापासून. डिव्हिजनचे छोटे छोटे तुकडे करून वाळवंटात विखुरणं मागे पडत गेलं. रणगाडा, तोफ, पायदळ आणि विमान यांनी एका हुकमाखाली लढायचं, हे आठव्या सैन्याला वर्षअखेरपर्यंत जमलं. चौथ्या भारतीय डिव्हिजनने एप्रिल १९४३मध्ये ट्युनिशियात वादी अकारितच्या डोंगरांत रात्री, आवाज न करता, चढून जाऊन शत्रूची बगल मोडली. आणि त्याच महिन्यात भिवानीकडच्या दिनोदचे छैलूराम, सहाव्या राजपुताना रायफल्सच्या चौथ्या पलटणीचे कंपनी हवालदार मेजर, जबेल गार्सीवर लढता लढता गेले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मे महिन्यात जर्मन सेनापती फॉन आर्निम याच डिव्हिजनपुढे शरण आला. ताऊ तिथपर्यंत पोचले होते. विजयाची गोष्ट त्यांच्याकडे होती, ती ते आबांसमोर कधी लांबवत नसत.

मधल्या काळात शिकणं थांबलं नव्हतं आणि किंमतही थांबली नव्हती. तोब्रुक पडल्यावर दहाव्या दिवशी, १ जुलै १९४२ रोजी, एल अलामीनजवळ देर अल शेइन इथे १८वी भारतीय ब्रिगेड रोमेलच्या वाटेत उभी केली गेली. ती इराकहून नुकतीच धावतपळत आणलेली, वाळवंटाची सवय नाही. सहा पौंडी तोफा मिळाल्या होत्या, पण चालवणाऱ्यांचे हात अजून बसले नव्हते. ब्रिगेड दिवसभर लढली आणि संध्याकाळी नाहीशी झाली. तो एक दिवस रोमेलच्या हातून गेला, आणि मागच्या फळ्या तेवढ्यात सावरल्या.

आबांच्या गावाकडच्यांनी अशी हार सोसण्याची ही पहिलीच वेळ नव्हती. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण परतले नाहीत. त्या युद्धात मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, कुत अल अमाराच्या वेढ्यात तीन मराठा पलटणी उपाशी लढल्या: १०३, ११० आणि ११७. २९ एप्रिल १९१६ला तिथेही शरणागती झाली होती. उन्हाळा तोच, पाण्याचा आणि दाण्याचा तोच तुटवडा, वरून वेळेवर मदत न येणंही तेच. इंडिया गेटच्या माथ्यावर कोरलेल्या रणांगणांत मेसोपोटेमियाचं नाव आहे. पण ती कमान १९३१ची, पहिल्या महायुद्धाची. तिच्यामागे २०१९ साली राष्ट्रीय समर स्मारक झालं, ते स्वातंत्र्यानंतरच्या शहिदांचं. हलफाया, गुबी आणि तोब्रुकचे शिपाई या दोन्हींच्या मधल्या काळातले, त्यामुळे त्यांची नावं दोन्ही भिंतींवर नाहीत. ती एल अलामीनच्या स्मारकावर आहेत. ज्यांचं दहन झालं त्यांच्यासाठी तिथे वेगळं स्मारक आहे. दिल्लीत त्यांना एक भिंत मिळायला हवी असं मला मनापासून वाटतं. ते ज्या सरकारसाठी लढले ते परकं होतं, हे कारण पुरेसं नाही. गावातून निघताना त्यांना तो पर्याय कुणी दिला नव्हता.

कैदेतला काळ आबांनी थोडक्यात आटोपला. समुद्र, मग इटलीतला अवेझानोचा तळ, डोंगरात बर्फ, तारेचं कुंपण. तोब्रुकच्या आणि त्याआधीच्या कैद्यांपैकी काही जण जर्मनीत सुभाषबाबूंच्या फौजेत गेले. आबा गेले नाहीत, आणि जे गेले त्यांना त्यांनी कधी दोष दिला नाही. सप्टेंबर १९४३मध्ये इटलीने शस्त्रं टाकली तेव्हा कुंपण उघडलं, आणि अब्रुत्सीच्या शेतकऱ्यांनी त्यांना गोठ्यात लपवलं, मक्याची लापशी दिली. ते शेतकरी आपल्याकडच्या कुणब्यासारखेच होते, असं ते आईला सांगत. लढाईबद्दल त्यांनी आईशी एवढंच बोलणं केलं असावं.

१९७१चा डिसेंबर. दिल्लीत ब्लॅकआउट. खिडक्यांना काळा कागद लावलेला, रात्री सायरन. मी दहा-अकराची. आमच्या वरच्या मजल्यावरच्या कुटुंबातला मुलगा हवाई दलात, जैसलमेरच्या तळावर. युद्ध संपल्यावर तो रजेवर आला, आणि जिन्यात सगळी कॉलनी त्याच्याभोवती जमली. तो लोंगेवालाचं सांगत होता. थरच्या वाळवंटात, ४ डिसेंबरच्या रात्री, पंजाब रेजिमेंटच्या २३व्या पलटणीच्या एका कंपनीसमोर पाकिस्तानचे रणगाडे आले. पायदळ जागेवरून हटलं नाही. आणि ५ तारखेच्या सकाळी हंटर विमानांनी रणगाडे वाळूतच फोडले.

आबा कठड्याला टेकून ऐकत होते. ताऊही होते, कॅन खाली ठेवून. सगळ्यांचे प्रश्न विमानांबद्दल. आबांनी मध्येच विचारलं, "पायदळ रातभर थांबलं कसं?"

तो मुलगा म्हणाला, "टेकाडावर जागा चांगली होती, आजोबा. पुढे काटेरी तार होती, ती बघून सुरुंग असतील म्हणून रणगाडे थबकले."

"ते न्हाई. टँकवर मारायला काय व्हतं त्यांच्याकडं?"

"जीपवरच्या रिकॉइललेस गन."

"कंपनीपाशी?"

"हो, कंपनीपाशीच."

आबा ताऊंकडे वळले आणि हिंदुस्तानीत पुन्हा सांगितलं, "कंपनी के पास गन थी."

ताऊंनी विचारलं, "आदमी कितने?"

"एक सौ बीस के करीब."

"और जहाज?"

"सुबह आए. अपने."

"तो फिर लड़े होंगे," ताऊ म्हणाले, आणि आबांनी मान हलवली. मग तोब्रुकच्या त्या सकाळी मोर्च्यात कोण कुठे होतं, ते आबा आम्हा सगळ्यांसमोर सांगायला लागले.